टिली म्होरकीवर उभी राहते

त्या उन्हाळ्यात स्लेट क्रीकच्या खोऱ्यात धूळ इतकी बारीक झाली होती की हॉब मॅशबर्नचा जनावरांचा ट्रक मंगळवारी रस्त्यानं गेला, तर तो गेला होता की आला होता हे लोकांना गुरुवारी कळायचं. जून कोरडा गेला, जुलै त्याहून कोरडा. ऑगस्टात पाद्रीबुवा पावसासाठी प्रार्थना करता करता तीनदा घोटभर पाण्यासाठी थांबले, आणि तिसऱ्यांदा त्यांना पाणी द्यायला कुणी उठलं नाही. ओझेला प्रुएटच्या विहिरीत बादली सोडली की आधी ठण्ण असा आवाज यायचा. मग विहीर बराच वेळ विचार करायची आणि थोडंसं पाणी द्यायची.

गवताचं तर नावच नको. कुरणात उरलेली काडी गाई लगेच खात नसत. आधी हुंगत, मग चाटत, मग उद्यासाठी ठेवून पुढं जात.

अशातच एका दुपारी ओझेलाचा मुलगा वेंडेल माळ्यावर चढला, गवताचे गठ्ठे मोजून खाली आला आणि टोपीनं तोंड पुसत ओट्यावर बसला. ओझेला शेंगा सोलत होती. तिचा नवरा हर्शेल आपला मोडका खुबा उशीवर टेकून खुर्चीत बसला होता. दोन वर्षांपूर्वी तंबाखूच्या कोठारात वरच्या आडव्या बल्लीवरून तो खाली आला, तेव्हापासून त्याचा उजवा पाय डाव्याचं ऐकत नसे. वेंडेल म्हणाला की चार गाई कशाबशा हिवाळा काढतील, पण पाचवं तोंड नाही चालायचं. पाचवं तोंड कुणाचं, हे तिघांनाही ठाऊक होतं. ते तोंड त्या घटकेला कुंपणावरून आत घालून ओझेलाच्या शेंगांच्या सालपटांकडं बघत होतं.

"ममा, ट्रॅक्टर आल्यापासनं तिला काम तरी काय उरलंय?" वेंडेल म्हणाला. "ती काय दूध देती व्हय?"

"तू तरी कुठं देतोस?" ओझेला म्हणाली. "तुलाबी खायला घालतेच की."

टिली म्हणजे प्रुएटांची खेचर. वय एकोणीस, त्यातली सोळा प्रुएटांच्या कामात; रंग भिजलेल्या मातीसारखा काळपट, नाकाडाला पिठात तोंड घातल्यासारखी पांढुरकी कड. कान एवढे लांब की पुढचा कान घरी पोचला तरी मागचा अजून शेतात आहे, असं हर्शेल पाहुण्यांना सांगायचा. हर्शेलचा पाय गेल्यापासून तंबाखूच्या ओळीत टिलीच्या मागं ओझेलाच चालायची. चढावरच्या तुकड्यात ट्रॅक्टर उलटायचा, म्हणून तिथं अजून टिलीच लागे. वेंडेल हे सोयीनं विसरत असे.

आणि ओझेला टिलीशी बोलायची. म्हणजे रागवायची. सकाळी गोठ्याचं दार उघडल्यापासून संध्याकाळी लावेपर्यंत तिच्या तोंडाचा पट्टा चालू. आळशी, लांबकानी, सैतानाची नात, पाद्र्याची खाट, जे सुचेल ते. टिली या शिव्यांवर पोसली होती. शिवी ऐकली की तिचे कान पुढं येत, पाय सरळ पडत, नांगर रेषेत चाले. शेजारी कर्टिस विनफ्री एकदा म्हणाला होता की ओझेलामावशीला सर्दी होऊन आवाज बसला, त्या आठवड्यात प्रुएटांच्या ओळी वाकड्या आल्या. हे खोटं नव्हतं. अजूनही ती तीन ओळींची वळणं त्या शेतात दाखवता येतात.

हॉब मॅशबर्नकडं टिलीला द्यायचं, हे वेंडेलनं तोंडानं म्हटलं नाही. हॉब फार गोड माणूस होता, जनावराच्या मानेवर हात ठेवून त्याची विचारपूस करायचा. पण त्याच्या ट्रकात चढलेलं म्हातारं जनावर पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडलेलं नव्हतं. टिलीची जोडीदारीण जिनी चार वर्षांपूर्वी त्याच ट्रकातून गेली होती.

दोन दिवसांनी ओझेला मका दळायला गिरणीत गेली आणि भिंतीवरचा कागद वाचून दळण न घेताच परत आली. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, जत्रेत यंदा गिरणीवाल्यानं खेचरांच्या म्होरकीवरच्या स्पर्धेला चषकाऐवजी गवत लावलं होतं. पहिल्या नंबराला नदीकाठच्या कुरणाचे शंभर गठ्ठे. दुसऱ्या-तिसऱ्याला नुसत्या फिती.

"शंभर गठ्ठे," ओझेला म्हणाली. "तिचा हिवाळा निघून वर तुझ्या गाईंनाबी उरंल."

वेंडेल हसला. पण तो वाईट माणूस नव्हता, नुसता हिशेबी होता. त्यानं कबूल केलं की टिली जिंकली तर राहील. नाही जिंकली तर हॉब जत्रेत असतोच, तिथूनच घेऊन जाईल, म्हणजे घरी येऊन पुन्हा रडारड नको. ओझेलानं शेंगांचं भांडं खाली ठेवलं आणि मान डोलावली. त्या दिवशी तिनं आणखी काही बोलणं काढलं नाही, म्हणून हर्शेलला जास्तच काळजी वाटली.

म्होरकीवरच्या स्पर्धेत जनावरानं काम करून दाखवायचं नसतं. खोगीर नाही, नांगर नाही, काही ओढायचं नाही. अंगावर नुसती म्होरकी, तोंडाभोवती बांधलेली दोरी. चार पाय चार कोपऱ्यांना रोवून, मान वर करून उभं राहायचं. परीक्षक भोवती फिरतो, दात बघतो, पाय चाचपतो, पाठीवरून हात फिरवतो. मग चालवत दूर नेऊन दुडक्या चालीनं परत आणायचं, आणि पुन्हा उभं. अंगावर वण, गाठ, व्यंग नको. बघायचा तो बांधा आणि वागणूक.

"सोळा वर्षं राबलेल्या बाईला सांगायचं, आता काय करू नगंस, नुसती छान दिस," हर्शेल म्हणाला. "माझ्या आईला असं कुणी सांगितलं असतं तर ती घाबरून मेली असती."

तंबाखूच्या कापणीचे दिवस होते. ओझेला दिवसभर शेतात वाकून एकेक रोप बुंध्याशी कापायची, काठीच्या टोकावर टोचून ओवायची, आणि सहा रोपांची काठी गाडीवर टाकायची. टिली ती गाडी कोठारापर्यंत ओढायची. चिकानं हात काळे चिकट व्हायचे, तोंडाला लावलं की जीभ कडू. संध्याकाळी अंगण झाडून झालं की मग तालीम. वाळलेल्या डबक्याच्या जागी हर्शेलनं चुन्यानं चौकोन आखला होता. तो खुर्चीत बसून परीक्षक व्हायचा.

"पाय मागं घे, भवाने," ओझेला टिलीला म्हणायची. "मागं म्हंजे मागं. चर्चच्या दारात उभी राहिल्यागत उभी ऱ्हा. मान वर. कुणाची उधारी बुडवलीस का खाली बघायला?"

टिली मान वर करायची. चार दिवसांत ती चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार पाय असे ठेवू लागली की हर्शेल म्हणाला, आता हिच्यावर फळी टाकली तर जेवायचं टेबल होईल.

भांडी धुतलेल्या पाण्यानं तिला आंघोळ घातली, कारण दुसरं पाणी नव्हतं. खरारा करून करून ओझेलाचा खांदा भरून आला. कानांतले केस शिवणाच्या कात्रीनं कापले, आयाळ उभी छाटली. शेपटीवर हर्शेलनं स्वतः हात चालवला. पहिल्या महायुद्धात तो पलटणीच्या खेचरांपाशी होता, तिथं शेपटीच्या बुडाचे केस कापून एकाखाली एक घंटा लटकल्यासारखा आकार द्यायचे. शहाण्या खेचराला तीन घंटा. त्यानं तीन कापल्या, मग थोडं मागं सरून बघितलं आणि चौथी कापायला निघाला तेव्हा ओझेलानं कात्री काढून घेतली. खुरांना डुकराची चरबी आणि चुलीची काजळी.

एकच गोष्ट उरली. टिलीच्या दोन्ही खांद्यांवर, जिथं जोताचं कातडी कडं बसायचं, तिथं तळहाताएवढे पांढरे डाग होते. सोळा वर्षांच्या ओढीनं तिथले काळे केस गेले होते आणि पांढरे आले होते. असले डाग कामाच्या प्रत्येक जनावराला असतात. पण म्होरकीच्या रिंगणात ते व्यंगात धरतात. हर्शेल त्या डागांकडं बघायचा, ओझेला बघायची, आणि दोघं दुसऱ्याच गोष्टी बोलायची.

जत्रेच्या आदल्या सकाळी हर्शेल न्याहारीला हात खिशात घालून आला. उकाड्यानं कुत्री जीभ टाकून पडली होती आणि याचे हात खिशात. बाही बोटांवर ओढून त्यानं पावासारखं गरम बिस्कीट काट्यानं खाल्लं. सॉसेजचा रस्सा काट्यानं खायचा प्रयत्न केला. ओझेलानं एकदाच त्याच्या मनगटाकडं पाहिलं. बाहीच्या कडेला कातडी गडद तपकिरी होती. हिरव्या अक्रोडाच्या साली कुटल्या की तो रंग माणसाच्या हातावर असा बसतो की साबण हरतो; जनावराच्या तेलकट केसांवर मात्र तो वरवरच धरतो. तिनं गोठ्यात जाऊन पाहिलं. टिलीचे दोन्ही खांदे काळपट, एकरंगी, कोवळ्या पोरीसारखे. अडतीस वर्षांच्या संसारात नवऱ्यानं तिला न विचारता केलेल्या गोष्टी ती बोटांवर मोजू शकत होती, आणि ही त्यातली सगळ्यात खुळी होती. ती परत येऊन त्याच्या कपात कॉफी ओतत म्हणाली की आज ऊन फार आहे. तो म्हणाला, व्हय.

शनिवारी ती टिलीला घेऊन आठ मैल चालत गेली. जिनी गेल्यापासून टिली ट्रकच्या फळीवर पाय ठेवत नसे. वेंडेल बापाला घेऊन गाडीनं पुढं गेला. ओझेलानं चर्चचा निळा झगा घातला होता, पायांत वेंडेलच्या बायकोचे बूट, एक नंबर लहान. अर्ध्या वाटेत टाचा सोलल्या. धुळीतून पाद्रीबुवांची मोटार आली, थांबली. आत चर्चच्या चार बायका होत्या. पाद्रीबुवा हसून म्हणाले की ओझेलाबाई, आज सगळी मंडळी तुम्हाला बघायला येणार, आणि प्रभू करो, आज जिभेवर मध असू दे. बायका खिडकीतून हसल्या. मोटार गेली आणि धूळ तिच्या निळ्या झग्यावर बसली.

ते वाक्य मात्र तिच्या मनाला चिकटलं. खोऱ्यात आपल्याला काय म्हणतात हे तिला माहीत होतं. उरलेले चार मैल ती गप्प चालली आणि मनात म्हणत राहिली की आज नाही, आज चारचौघांत एक वावगा शब्द नाही. टिली मधूनमधून मान वळवून तिच्याकडं बघत होती. बाई बोलत का नाही, हे तिला कळेना.

रिंगणाच्या कडेच्या कुंपणावर माणसं पक्ष्यांसारखी बसली होती. फाटकाजवळ सावलीत हॉब मॅशबर्नचा ट्रक, आणि हॉब बोनेटला टेकून शेंगदाणे खात. रिंगणात सहा खेचरं होती. सगळ्यात देखणी कर्टिस विनफ्रीची लेडी. चार वर्षांची, तांबूस, काचेसारखी गुळगुळीत, अंगावर आजवर दोरीचाही वण नाही, कारण तिनं आजवर काही केलंच नव्हतं. कर्टिस चाळिशीचा सडा माणूस. नदीकाठच्या जमिनीचा मालक, आणि त्याला लेडीचं असं वेड की तिला कामाला लावायचं त्याच्या जिवावर येई.

परीक्षक तीन काउंट्यांपलीकडचे, यंट नावाचे, उंच आणि लांबट चेहऱ्याचे. लोक म्हणत की एवढी वर्षं खेचरं बघून त्यांचा चेहराही तसाच झाला आहे. ते एकेक जनावर बघत टिलीपाशी आले.

ओझेलानं श्वास घेतला, चर्चमधला आवाज काढला आणि म्हणाली, "टिली बाळा, उभी ऱ्हा हं. माझी सोन्यासारखी लेक ती."

टिलीचा एक कान मागं गेला.

ओझेलाच्या ध्यानात कधी आलं नव्हतं, पण गेल्या सोळा वर्षांत ती टिलीशी गोड बोलली होती ती तीनच प्रसंगी. नालबंद तापलेला नाल घेऊन आला की. पोटशुळाचं औषध बाटलीनं घशात ओतायचं असलं की. आणि एकदा, जिनीला ट्रकात चढवत होते तेव्हा, गोठ्यात टिलीच्या मानेला मिठी मारून. टिलीच्या हिशेबी गोड शब्दामागून चांगलं काही येत नसे.

म्हणून तिनं आधी पुढचा डावा पाय उचलून धरला. नालबंदासाठी. परीक्षकांनी वाकून पायाकडं पाहिलं, काही सापडेना.

"पाय ठेव बाळा," ओझेला आणखी मऊ आवाजात म्हणाली.

टिलीनं पाय ठेवला आणि जबडा आवळला. औषधासाठी. परीक्षक दात बघायला ओठ उघडू लागले, तर तिजोरी उघडणं सोपं गेलं असतं. त्यांनी दोन्ही हात लावले. टिली डोळे मिटून तशीच. कुंपणावर कुणीतरी खोकलं, मग हशा पिकला.

"शहाणी ना माझी ती," ओझेला म्हणाली. कपाळावरून घाम नाकावर आला होता.

तेव्हा टिलीनं मान वळवून रिंगणाच्या चारी बाजू पाहिल्या, आणि फाटकाशी तिला तो ट्रक दिसला. मग म्हातारं माणूस बाकावर बसावं तशी मागच्या दोन पायांवर हळूच टेकली आणि तिनं आपलं एकोणीस वर्षांचं बूड रिंगणाच्या धुळीत ठेवून दिलं. आता इथून मला कुणी नेऊन दाखवा.

लोक कुंपणावरून खाली पडायचे राहिले. चर्चच्या बायका रुमाल तोंडाला लावून हलत होत्या. वेंडेल टोपीत तोंड घालून उभा. हॉबनं शेंगदाण्याची पुडी खिशात ठेवली आणि दोर काढायला ट्रककडं वळला. ते ओझेलानं पाहिलं, आणि पाद्रीबुवा, मध, निळा झगा, सगळं तिच्या डोक्यातून वाहून गेलं.

"बस," ती म्हणाली. "चांगली बस. खुर्ची आणू? कॉफी आणू? लांबकाने, सैतानाच्या नाती, तुला सोळा वर्षं पोसली ती ह्या तमाशासाठी व्हय?"

टिलीचे डोळे उघडले.

"माझ्या चुलीची काजळी तुझ्या खुरांना. माझ्या भांड्यांचं पाणी तुझ्या पाठीला. माझ्या टाचा सोलल्या तुझ्यापायी, आणि तू पाव्हण्यांत बूड टेकून बसतीस, लाज न्हाई?"

टिलीचे कान पुढं आले. ती उठली. अंग झाडलं.

"पाय मागं. मागं म्हंजे मागं. मान वर. त्यो बघ तिकडं कुंपणाला टेकलेला तुझा म्हातारा. धड चालता येत न्हाई त्याला, पण जाऊन अक्रोड पाडले, साली कुटल्या आन् तुझे पांढरे खांदे काळे करत बसला. नाताळापतोर हात धुतले जायचे न्हाईत त्याचे. काट्यानं बिस्कीट खातोय माणूस तुझ्यासाठी. आणि तुला नीट उभं ऱ्हाता येत न्हाई?"

टिली उभी होती. चार पाय चार कोपऱ्यांना, मान ताठ, डोळ्यांत तेज. फळी टाकावी आणि जेवायला बसावं. शेजारची पाचही खेचरं सरळ झाली होती. कर्टिसनंही पाय जुळवले होते. आणि सबंध रिंगणावर अशी शांतता पसरली होती की हॉबच्या हातातून सुटलेल्या दोराचा आवाज आला.

मग ओझेलाला कळलं, आपण काय बोललो ते.

यंट परीक्षकांनी खिशातून पांढरा रुमाल काढला, जिभेनं ओला केला, टिलीच्या खांद्यावर घासला आणि बघितला. रुमाल तपकिरी झाला होता. त्यांनी कुंपणाकडं पाहिलं. हर्शेलनं खिशातून दोन्ही हात काढले आणि वर धरले, सापडलेल्या दरोडेखोरासारखे.

"बाई," यंट हळू म्हणाले, "रंगवलेलं जनावर नियमानं बाद करावं लागतं."

"करा साहेब," ओझेला म्हणाली. तिचा आवाज आता फक्त दमलेला होता. "पण आधी धुऊ द्या तिला. त्या खांद्यांची लाज मला कधी वाटली नव्हती. त्याला वाटली ती माझ्या दुःखापायी. असं खोटं अंग घेऊन ती रिंगणाबाहेर जाणार न्हाई."

पाणी कुठून आणायचं, हा प्रश्न होता. यंटांनी टेबलाखालची आपली पिण्याची बादली उचलली आणि स्वतः धरून उभे राहिले. ओझेलानं निळ्या झग्याचं टोक बुडवून दोन्ही खांदे घासले. रंग केसांवरून ओघळला आणि डाग वर आले, दोन, सारखे, एकाच मापाचे. यंटांनी त्यांच्यावर तळहात ठेवला. जोताचं कडं कोण बसवायचं, असं त्यांनी विचारलं. ती म्हणाली, आधी हर्शेल, मग मी. ते म्हणाले, सोळा वर्षांत एकदाही चुकीचं बसलेलं नाही, कातडीखाली गाठ नाही. एवढं बोलून त्यांनी टोपीला हात लावला आणि तिला बाहेरची वाट दाखवली. नियम तो नियम.

पहिला नंबर लेडीला मिळाला. निळी फीत लावताना बॅन्ड वाजला, आणि लेडीनं आयुष्यात बॅन्ड ऐकला नव्हता. तिनं कर्टिसला रिंगणाच्या तीन फेऱ्या फिरवलं, त्यातली दीड तो पायांवर होता. चौथ्या फेरीला तिनं आपली फीत खाल्ली.

फाटकाबाहेर हॉब दोर घेऊन आला. टिलीच्या मानेवर हात ठेवून तिची विचारपूस करू लागला. टिलीनं डोळे मिटले. ओझेलानं म्होरकीचा दोर हाताला दोन वेढे घेऊन धरला होता आणि वेंडेलकडं ती बघत नव्हती. वेंडेल बुटाच्या टोकानं धूळ उकरत होता. बोललेला शब्द त्याचाच होता, आणि तो गिळायचा कसा हे त्याला सुचत नव्हतं. हर्शेल काठी टेकत मध्ये येऊन उभा राहिला, नुसता उभा, तपकिरी हात बाहेर ठेवून.

तेवढ्यात कर्टिस विनफ्री लंगडत आला. कोपरं सोललेली, विजारीला गुडघा नाही.

"ओझेलामावशी," तो म्हणाला, "ते तू रिंगणात जे केलंस ना, तसं माझ्या लेडीला कुणी केलं न्हाई कधी."

"तू कर की. तुला काय तोंड न्हाई?"

"मला तिच्यावर रागवता येत न्हाई गं. बघितलं की शिव्याच आठवत न्हाईत." त्यानं टोपी हातात फिरवली. "नवं खेचर जुन्याच्या जोडीला जुंपल्याशिवाय शिकत न्हाई, हे समद्यांना ठावं हाय. माझ्याकडं जुनं न्हाईच. एक हिवाळा लेडीला टिलीशेजारी बांधशील का? तिचं गवत तिच्याबरोबर येईल. शंभरच्या शंभर. मला नदीकाठाला माझं आहे."

ओझेलानं विचारलं की दोघी एका गव्हाणीत खातील त्याचं काय. कर्टिस म्हणाला की शाळेत मास्तरीण उपाशी कशी ठेवायची. मग तिनं वेंडेलकडं पाहिलं. वेंडेल हॉबकडं वळून म्हणाला, "हॉबभाऊ, तुझा ट्रक आज रिकामाच ने." एवढं बोलल्यावर त्याच्या तोंडावर जे हसू आलं ते त्याच्या लहानपणचं होतं.

लेडी सोमवारी आली, गवत मंगळवारी. कोठारात रचलं तर दार लागेना. ओझेलानं दोघींना चढावरच्या तुकड्यात जोडून जुंपलं. लेडी आडवी झाली, मग उलटी झाली, मग नांगरावर चढायचा प्रयत्न केला. हर्शेल आणि वेंडेल बांधावर बसून वाट बघत होते की आता सुटेल पट्टा. ओझेला म्हणाली, "अगं, जरा सरकतेस का? बरं व्हईल."

टिलीनं दचकून पाय उचलला.

"अशी काय बोलतीस?" हर्शेल म्हणाला. "दे की शिव्या."

"कालची आलेली परक्या घरची पोर ती," ओझेला म्हणाली. "वळख न्हाई पाळख न्हाई, तोंड भरून शिव्या कशा देऊ? ते काय बरं दिसतं?"

आठ दिवस असेच गेले. टिली रोज जमेल तेवढं ओढायची, लेडी जमेल तेवढं बिघडवायची, आणि ओझेला पाहुण्यांशी बोलावं तसं बोलायची. बिचारी टिली औषधाची वाट बघून बघून रोडावली. कर्टिस कुंपणाशी येऊन विचारायचा, शिकतीय का? ओझेला म्हणायची, वळख होऊ दे.

नवव्या दिवशी ओझेलानं ॲपल पाय भाजून स्वयंपाकघराच्या खिडकीत निवत ठेवला. दूध काढून येईपर्यंत लेडीनं कुंपण ओलांडलं, मान खिडकीतून आत घातली, भाजलेलं सगळं खाल्लं, ताटली फोडली आणि परत निघताना खिडकीची चौकट गळ्यात अडकवून घेतली.

हर्शेल ओट्यावर होता. आधी त्याला ताटलीचा आवाज आला. मग दुधाची बादली आपटली. मग स्वयंपाकघरातून ओझेलाचा आवाज उठला, पहिल्यांदा बारीक, मग चढत चढत, काचेची भावली म्हणून, फितीखाऊ म्हणून, नदीकाठच्या सड्या माणसाची डोक्यावर चढवलेली लेक म्हणून, आणि पुढं असं काही जे टिलीच्याही वाट्याला कधी आलं नव्हतं. अंगणात लेडी चौकट गळ्यात घेऊन चार पायांवर सरळ उभी होती, कान पुढं. गोठ्यातून टिलीनं मान बाहेर काढली आणि आठ दिवसांत पहिल्यांदा तोंड भरून गवत उचललं.

हर्शेलनं वेंडेलला हाक मारली आणि हातोडा घेऊन ये म्हणाला.

"खिडकीला?"

"खिडकी राहू दे. गोठ्यात दुसरी गव्हाण ठोक. पक्की ठोक."

"बाबा, ती कर्टिसची हाय. हिवाळा संपला की जाणार."

आतून ओझेलाचा आवाज अजून चालूच होता. हर्शेलनं थोडा वेळ तो ऐकला आणि म्हणाला, "आता न्हाई जात ती. कर्टिसला सांगू आपण. वसंतात सांगू, हळूहळू."